उंदीर वाचत नाही, मग त्याला विचारायचं काय?

मुलांनो, तुमच्या पत्रांत कधी कधी असा एखादा प्रश्न येतो, की हातातला चहा गार होऊन जातो. सातवीतल्या एका मुलीनं लिहिलं आहे : "बाई, माझ्या मामेभावाला स्वमग्नता आहे असं डॉक्टरांनी सांगितलं. वर्तमानपत्रात वाचलं, की अशा मुलांसाठी शास्त्रज्ञ उंदरांवर प्रयोग करतात. पण उंदराला ना शाळा, ना बोलणं. मग उंदराकडे बघून माझ्या भावाचं काय कळणार?"

प्रश्न बिनतोड आहे. मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही तो पडतो आणि त्यावरून त्यांची भांडणंही होतात, बरं का!

आधी एक गोष्ट. स्वमग्नता म्हणजे ताप-खोकल्यासारखा आजार नव्हे. बाळ आईच्या पोटात असताना आणि पुढची काही वर्षं मेंदूची घडण चालू असते. त्या घडणीत काही वेगळं झालं, की त्याचा परिणाम पुढे बोलण्यावर, वागण्यावर, शिकण्यावर दिसतो. स्वमग्नता त्यातलीच. एका जागी लक्ष न ठरणं, अति चंचलपणा, हेही त्यातलंच. आणि वाचायला-लिहायला शिकताना विनाकारण अडखळणं, ज्याला डिस्लेक्सिया म्हणतात, तेही त्यातलंच. मी प्राथमिक शाळेतली बाई, त्यामुळे माझी रोजची गाठ या शेवटच्याशी. म्हणून आज मुख्यतः त्याच्याबद्दलच सांगते. शिवाय उंदराचं कोडं तिथं सगळ्यांत अवघड आहे. उंदीर एक वेळ एकलकोंडा असू शकेल, पण वाचणारा उंदीर कुणी पाहिलाय?

डिस्लेक्सिया असलेलं मूल कसं असतं? गोष्ट सांगायला लावा, रंगवून सांगेल. तोंडी हिशेब फटाफट करील. सायकलची चेन बसवून देईल. पण पुस्तक उघडलं की घामाघूम. ‘घ’ आणि ‘ध’ मध्ये गोंधळ, ‘भ’ आणि ‘म’ मध्ये गोंधळ, जोडाक्षर आलं की गाडी घसरलीच. (असा गोंधळ पहिलीत सगळ्यांचाच होतो, त्यावरून लगेच काही ठरवू नका. पण इतरांचा तो सुटतो आणि याचा तिसरी-चौथीतही सुटत नाही.) जगभरात साधारण शंभरातल्या पाच ते दहा मुलांना कमी-जास्त प्रमाणात हा त्रास असतो असं मानतात. म्हणजे प्रत्येक मोठ्या वर्गात दोन-तीन जण आलेच.

आणि आपण त्यांना काय म्हणतो? ‘ढ’! हा शब्द कुठून आला, त्याची एक गंमत सांगतात. ब्राह्मी लिपीपासून आजपर्यंत सगळ्या अक्षरांची रूपं बदलत गेली, पण ‘ढ’ जवळपास होता तसाच राहिला. काही केल्या पुढे सरकत नाही, म्हणून ‘ढ’. मला विचाराल तर दोन हजार वर्षं आपलं रूप टिकवून धरणाऱ्या अक्षराचा हा अपमानच आहे. पण ते असो.

आता मेंदू कसा घडतो ते पाहू. माणसाच्या मेंदूत साधारण ८६ अब्ज चेतापेशी असतात. मेंदूचा जो वरचा सुरकुतलेला थर आहे, अक्रोडासारखा दिसणारा, त्यातल्या बहुतेक पेशी तिथं जन्मतच नाहीत! त्या जन्मतात मेंदूच्या आत खोलवर आणि तिथून चढत चढत वर जातात. चढायला दोर असतो. ग्लिया नावाच्या दुसऱ्या प्रकारच्या पेशींचे लांबच लांब धागे आतून बाहेरपर्यंत ताणलेले असतात, त्यांना धरून चेतापेशी वर सरकते. तानाजीच्या मावळ्यांनी दोर धरून कोंढाणा चढला, तसंच. आमच्या दौलताबादच्या किल्ल्याचा कडा असा तासून काढलाय, की तिथं घोरपडीचाही टिकाव लागायचा नाही. मेंदूत मात्र निसर्गानं प्रत्येक मावळ्याला दोर पुरवलेला आहे. आणखी एक मजा. वर्गात उशिरा आलेला मागे बसतो ना? इथं उलटं. उशिरा जन्मलेल्या पेशी आधीच्यांना ओलांडून आणखी वरच्या थरात जाऊन बसतात. आईच्या पोटात साधारण तिसऱ्या ते सहाव्या महिन्याच्या दरम्यान ही चढाई जोरात चालू असते.

एखादा मावळा वाट चुकला तर?

अमेरिकेत बॉस्टन इथं अल्बर्ट गालाबुर्दा नावाच्या डॉक्टरांनी नेमकं हेच पाहिलं. डिस्लेक्सिया असलेली काही माणसं इतर कारणांनी वारली, तेव्हा त्यांच्या मेंदूचे पातळ काप करून त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. १९८५ साली त्यांनी अशा चार मेंदूंविषयी लिहिलं. चारही मेंदूंत बारीक बारीक पुंजके सापडले. जिथं चेतापेशी नसायला हव्यात, तिथं सर्वांत वरच्या थरात त्या जाऊन बसल्या होत्या, आणि त्यातले पुष्कळसे डाव्या बाजूला, भाषेच्या भागाजवळ. म्हणजे चढाईत काहीतरी चुकलं असणार. पण चार म्हणजे किती थोडे! शिवाय मेलेल्या माणसाला ‘वाचून दाखव’ म्हणता येत नाही. पुंजक्यांमुळे वाचन अडलं, की दोन्ही गोष्टी नुसत्या शेजारी-शेजारी होत्या, हे सांगणार कसं?

इथं उंदीरमामा येतात.

मराठीत आपण सगळ्यांनाच उंदीर म्हणतो, पण प्रयोगशाळेत दोन वेगळे असतात. एक बोटाएवढा, त्याला माऊस म्हणतात. दुसरा वीतभर, तो रॅट. छोट्याच्या मेंदूत जेमतेम सात कोटी चेतापेशी, मोठ्याच्या मेंदूत वीस कोटींच्या आसपास. मेंदूला सुरकुत्या नाहीत, गुळगुळीत असतो. पण आपल्या बहुतेक जनुकांचा भाऊबंद उंदरात सापडतो आणि त्याच्या मेंदूतही पेशी तशाच आतून वर चढतात. छोटी उंदरीण साधारण वीस दिवसांत विते, म्हणजे माणसात महिनोन् महिने चालणारी चढाई तिच्या पोटात आठवडाभरात आटोपते. ती बघता येते, तिच्यात एखादाच बदल करता येतो आणि मग काय झालं ते तपासता येतं. माणसाच्या बाळावर असा प्रयोग करण्याचा विचारसुद्धा कुणी करू नये.

पण वाचन? शास्त्रज्ञांनी उंदराला वाचायला विचारलंच नाही. त्यांनी विचार केला, वाचन ही फार अलीकडची कला आहे, तिच्यासाठी मेंदू काही वेगळा जन्माला येत नाही. वाचणारा मेंदू जुनीच हत्यारं वापरतो : ऐकणं, बघणं, लक्षात ठेवणं. मग त्यातलं एखादं हत्यार उंदराकडे आहे का? आहे की! ऐकणं.

तुम्ही ‘पाट’ म्हणा आणि मग ‘बाट’ म्हणा. ‘प’ आणि ‘ब’ मध्ये फरक किती? ओठ उघडणं आणि गळ्यातला आवाज सुरू होणं यांच्यातलं सेकंदाच्या काही शंभराव्या भागाचं अंतर, बस्स. काही शास्त्रज्ञांचं म्हणणं असं, की डिस्लेक्सिया असलेल्या मुलांना असे झरझर बदलणारे आवाज वेगळे करायला जड जातं, म्हणून आवाज आणि अक्षर यांची जोडी पक्की बसत नाही. (हे सगळ्यांना मान्य नाही. पण आवाजांची फोड करायला या मुलांना अवघड जातं, एवढं मात्र बहुतेकांना पटलेलं आहे.)

मग उंदराची परीक्षा घेतली ती अशी. उंदराला एका पेटीत ठेवायचं. पेटीचा तळ असा, की उंदीर दचकला तर किती जोरात दचकला याची नोंद होते. एकदम मोठा आवाज केला की तो दचकतो. आपणही दचकतो, फटाक्याला. पण मोठ्या आवाजाच्या किंचित आधी एखादी बारीकशी सूचना मिळाली तर दचकणं कमी होतं. आता युक्ती बघा. पेटीत सारखा ‘सूंऽऽ’ असा आवाज चालू ठेवायचा आणि मोठ्या आवाजाआधी तो क्षणभर बंद करायचा. हीच सूचना. उंदराला ती फट ऐकू आली तर तो कमी दचकेल. नाही आली तर नेहमीसारखाच उडेल. मग फट लहान लहान करत जायची. उंदीर काही न बोलता सांगतो, ‘आता नाही ऐकू येत, बाई!’

बोस्टनच्या मेंदूंत दिसली तसली गडबड जन्मतःच ज्यांच्या मेंदूत तयार झाली होती, असे उंदीर या परीक्षेला बसवले गेले. झरझर बदलणारे आवाज ओळखण्यात त्यातले नर मागे पडले. मला हा प्रयोग फार आवडतो. परीक्षा घ्यावी तर अशी! ज्याला जे येतं त्या भाषेत.

पुढे जनुकांचा शोध लागला. २००३ साली फिनलंडमधल्या एका कुटुंबात डिस्लेक्सियाशी जोडलेलं एक जनुक सापडलं, मग आणखी दोन-तीन सापडली. अमेरिकेत शास्त्रज्ञांनी उंदराच्या पोटातल्या पिल्लांच्या मेंदूत ही जनुकं एकेक करून मंद करून पाहिली आणि काय आश्चर्य, पेशी वाटेतच अडकल्या! सगळ्यांना वाटलं, कोडं सुटलं. पुस्तकांत आकृत्या छापून आल्या. पण नंतर दुसऱ्या शास्त्रज्ञांनी त्यातलं एक जनुक उंदरातून पूर्णच काढून टाकलं, तर पेशी मजेत वर चढल्या! २०१७ साली हे प्रसिद्ध झालं. आणि २०२२ मध्ये डिस्लेक्सिया असलेल्या ५१,८०० मोठ्या माणसांची आणि तो नसलेल्या दहा लाखांहून अधिक माणसांची जनुकं ताडून पाहिली, तेव्हा एक-दोन नव्हे, ४२ ठिकाणी बारीक बारीक फरक सापडले. जुन्या संशयितांचा त्यात ठळक ठसा उमटला नाही.

काही मुलं मला म्हणतात, ‘बाई, मग शास्त्रज्ञांना येत नाही का?’ येतं, पण त्यांनाही खाडाखोड करावी लागते. माझ्या वर्गातल्या पाट्या बघा.

अशा कामाला लांब अमेरिकेतच जावं लागतं असं नाही. मुंबईला कुलाब्यात टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. तिथं डॉ. शुभा तोळे १९९९ पासून उंदराच्या गर्भातल्या मेंदूचा अभ्यास करतात. मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाचा एक छोटा भाग असतो. आठवणी साठवायला आणि रस्ते लक्षात ठेवायला तो लागतो. तो नेमका तिथंच का तयार होतो? त्यांच्या गटानं दाखवलं, की गर्भातल्या मेंदूच्या कडेला पेशींची एक पट्टी असते आणि ती शेजारच्या पेशींना हुकूम सोडते, ‘तुम्ही हिप्पोकॅम्पस व्हा.’ आणि कुणी पट्टी व्हायचं, कुणी नाही, हे ठरवणारं जनुक म्हणजे एल.एच.एक्स.-२. हे जनुक ज्या पेशींत नसतं, त्या पेशी भलत्याच ठिकाणी हुकूम सोडायला लागतात, आणि एकाच मेंदूत जादा हिप्पोकॅम्पस उगवतात! २००८ साली ‘सायन्स’ या नावाजलेल्या नियतकालिकात हे छापून आलं. शुभाताईंना २०१४ चं इन्फोसिस पारितोषिक मिळालं, आणि २०२३ मध्ये त्या जगभरच्या मेंदू-संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या अध्यक्षा झाल्या. विकसनशील देशातून त्या पदावर पोचलेल्या त्या पहिल्याच. (त्या कथ्थकही शिकलेल्या आहेत. ‘अभ्यास की नाच’ असं घरात कुणी विचारलं तर हे सांगा.)

त्यांच्या गटानं आणखी एका जनुकावर काम केलं आहे, फॉक्स-जी-१. या जनुकाची एक प्रत बिघडलेली असली तर मुलाची वाढ फार मागे पडते, फिट्स येतात, बोलणं येत नाही. उंदरात त्यांना दिसलं, की चेतापेशी करायचं थांबवून ग्लिया पेशी करायला कधी लागायचं, याचं वेळापत्रक राखण्यात हे जनुक वाटेकरी आहे. ते काढून घेतलं तर पेशी घाई करतात, वेळेआधीच ग्लिया करायला लागतात. थोडक्यात, मधल्या सुट्टीची घंटा आधीच वाजते आणि शिकवायचं राहून जातं.

आता पत्र लिहिणाऱ्या मुलीला तिच्या भावाबद्दल. स्वमग्नतेसाठी उंदरांना तीन खोल्यांच्या पेटीत सोडतात. एका बाजूच्या खोलीत जाळीआड दुसरा उंदीर, दुसऱ्या बाजूला रिकामी जाळी. साधारण उंदीर सोबत्यापाशी जास्त वेळ घालवतो. काही खास उंदीर तसं करत नाहीत. पिल्लं आईला हाका मारतात, त्या आपल्या कानांना ऐकू न येणाऱ्या पट्टीतल्या असतात. यंत्रानं त्याही मोजतात. पण दोन जाळ्यांपाशी घालवलेली मिनिटं म्हणजे काही तुझा भाऊ नव्हे! हे शास्त्रज्ञांनाही चांगलं ठाऊक आहे, आणि त्याची किंमत त्यांनी मोजली आहे. फ्रॅजाइल एक्स नावाची एक स्थिती आहे, त्यातल्या पुष्कळ मुलांत स्वमग्नतेची लक्षणं असतात. त्याच जनुकाचा बिघाड असलेला उंदीर १९९४ साली तयार झाला. काही औषधांनी तो उंदीर सुधारला. माणसांना तीच औषधं दिली, तर दहा वर्षांपूर्वीच्या मोठ्या चाचण्यांमध्ये हवा तसा फायदा दिसलाच नाही. आई-वडील किती आशेनं थांबले असतील, विचार करा.

उंदरांचं काय, असंही काही जण विचारतील. विचारायलाच हवं. आपल्या देशात प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध १९६० चा कायदा आहे आणि त्याखाली नेमलेली समिती अशा प्रयोगांवर लक्ष ठेवते. प्रत्येक संस्थेत प्राण्यांसाठी वेगळी समिती असते. प्राण्याशिवाय चालेल का, कमी प्राण्यांत भागेल का, त्रास कमी होईल का, याची उत्तरं दिल्याशिवाय परवानगी मिळत नाही. तरी उंदीर मरतातच. मला ते रुचत नाही. आणि फिट्स येणाऱ्या मुलाची आई डोळ्यांपुढे आली की नको म्हणवतही नाही.

उंदराला आतून बघता येतं. माणसाच्या जिवंत मेंदूत मात्र न कापता डोकावायचं, तर एम.आर.आय. लागतो. आपल्या अंगात पुष्कळ पाणी असतं. प्रचंड ताकदीच्या लोहचुंबकात माणूस झोपला की पाण्यातल्या हायड्रोजनच्या केंद्रांना चुंबकाचा ओढा लागतो. मग रेडिओलहरींनी त्यांना डिवचायचं आणि ती परत येताना जी कुजबूज करतात, तिच्यावरून चित्र काढायचं. क्ष-किरण नाहीत, सुई नाही. फक्त ठकठक-खडखड असा मोठा आवाज आणि ‘हलू नकोस’ ही सूचना. तुम्हाला ती किती कठीण, मला माहीत आहे! हे यंत्र साध्य करणाऱ्या पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफिल्ड यांना २००३ चं नोबेल पारितोषिक मिळालं.

मेंदूचा जो भाग काम करतो, तिकडे प्राणवायूनं भरलेलं रक्त जास्त धावतं. प्राणवायू असलेलं आणि नसलेलं रक्त चुंबकाला वेगवेगळं भासतं. सेजी ओगावा या जपानी शास्त्रज्ञांनी १९९० साली हे दाखवलं, आणि ते कशावर? पुन्हा उंदरांवरच! त्यानंतर दोन वर्षांत माणूस विचार करत असतानाची चित्रं येऊ लागली. त्या रंगीत चित्रांना भुलू नका मात्र. रात्री एखाद्या उंच जागेवरून छत्रपती संभाजीनगरकडे पाहिलं तर कुठल्या भागात दिवे लागलेत ते दिसतं. कुठल्या घरात काय बोलणं चाललंय ते दिसत नाही. चित्रातल्या एकेका ठिपक्यात लाखो चेतापेशी असतात. आणि रक्त यायला पाचेक सेकंद लागतात, तोवर तुमचं वाक्य वाचून झालेलं असतं.

भुलू नका म्हणते, त्याचा एक किस्सा आहे. २००९ साली अमेरिकेत काही संशोधकांनी बाजारातून एक अख्खा सॅमन मासा आणला. मेलेला. त्याला यंत्रात ठेवला, माणसांचे फोटो दाखवले आणि रीतसर विचारलं, ‘या माणसाला काय वाटत असेल?’ हिशेब नीट न करता चित्र काढलं, तर मेलेल्या माशाच्या मेंदूत दिवे लागलेले दिसले! हजारो ठिपके तपासले की दोन-चार योगायोगानं उजळतातच. तो योगायोग वजा करायला हवा, हे त्यांना दाखवून द्यायचं होतं. या कामाला २०१२ मध्ये इग्नोबेल पारितोषिक मिळालं. आधी हसवायचं आणि मग विचार करायला लावायचं, असं ते पारितोषिक.

नीट हिशेब केलेली चित्रंही पुष्कळ आहेत, आणि त्यातली दोन आपल्या देवनागरीची आहेत. हरयाणात मानेसरला राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे. तिथल्या नंदिनी चटर्जी सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिंदी वाचणाऱ्या मोठ्या माणसांचे मेंदू पाहिले. २००९ साली ते छापून आलं. रोमन लिपी कशी, एकामागून एक डावीकडून उजवीकडे. आपल्याकडे ‘का’ची खूण उजवीकडे, ‘के’ची डोक्यावर, ‘कु’ची पायाशी, आणि ‘कि’ची तर क च्या आधी! लिहायची आधी, म्हणायची नंतर. म्हणून की काय, देवनागरी वाचताना मेंदूच्या डाव्या बाजूच्या नेहमीच्या भागांबरोबर उजवीकडचे, जागा आणि आकार ओळखणारे भागही कामाला लागलेले दिसले. पहिलीतल्या पोरांनी वेलांटी चुकवली की मला हे आठवतं.

दुसरं चित्र लखनौजवळच्या खेड्यांतलं. कधी शाळेत न गेलेल्या मोठ्या माणसांना, त्यात बहुतेक बाया, सहा महिने देवनागरी शिकवली. आधी आणि नंतर त्यांचे मेंदू पाहिले. शिकल्यावर मेंदूच्या नुसत्या वरच्या थरातच नव्हे, तर अगदी आतल्या, जुन्या भागांचाही मेळ बदललेला होता. २०१७ ची गोष्ट. तिशीतली बाई सहा महिन्यांत मेंदू बदलून दाखवते, हे आमच्या गावातल्या आज्यांना मी मुद्दाम सांगते.

आता थोडं पालकांशी. किल्ल्याच्या वाटेवर सीताफळं विकणाऱ्या एक ताई आहेत. त्यांचा मुलगा चौथीत, वाचन अजून अडतंय. मागे एकदा टोपली उतरवून त्यांनी विचारलं, "बाई, ह्याच्या मेंदूचा फोटो काढून आणू का? उसनवारी करून काढीन. एकदाचं कळू तर द्या, पोरगं ढ हाय का."

पालकहो, डिस्लेक्सिया आहे की नाही हे त्या फोटोत दिसत नाही. संशोधनात पन्नास मुलं इकडची आणि पन्नास तिकडची घेऊन त्यांच्या सरासरीतला फरक बघतात. एकट्या मुलाच्या चित्रावर बोट ठेवून ‘हा बघा डिस्लेक्सिया’ असं आज कुणालाही म्हणता येत नाही. फिट्स येत असतील, डोक्याला मार लागला असेल, आलेलं बोलणं जात असेल, तर डॉक्टर सांगतील तेव्हा जरूर काढा. पण वाचन अडतंय एवढ्यासाठी उसने पैसे नकोत. आधी डोळे आणि कान तपासून घ्या. मग वाचनाच्या चाचण्या असतात. त्या मुलाच्या भाषेत व्हायला हव्यात. इंग्रजी चाचणीनं मराठी मुलाला मापणं म्हणजे फूटपट्टीनं दूध मोजणं. मानेसरच्याच केंद्रात ‘डाली’ नावाच्या चाचण्या तयार झाल्या आहेत, हिंदी, कन्नड, इंग्रजी आणि आपल्या मराठीतही. ताईंना मी हेच सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हंजी फोटो नको?" म्हटलं, "नको. आणि त्याच्यापुढे तो शब्दही नको."

फोटोनं निदान होत नसलं तरी त्यानं एक फार मोलाची गोष्ट दाखवली आहे. अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठात आठ ते दहा वर्षांच्या, वाचनात अडलेल्या मुलांना सुमारे शंभर तास नेटानं शिकवलं. २००९ साली त्याचा निष्कर्ष आला. मेंदूच्या एका भागातून दुसऱ्या भागात निरोप नेणाऱ्या ज्या पांढऱ्या तारा असतात, त्यांची प्रत शिकवण्यानंतर सुधारलेली होती, आणि ज्यांना तसं शिकवलं नाही त्यांच्यात तो फरक नव्हता. शंभर तास म्हणजे रोज अर्धा तास धरला तर दोनशे दिवस. शाळेचं एक वर्ष. फार नाही हो!

हक्काचंही सांगते. डिस्लेक्सिया असलेल्या मुलांना परीक्षेत सवलती देण्याची सुरुवात महाराष्ट्रात १९९६ मध्ये झाली. त्याच वर्षी मुंबईत पालकांनी मिळून महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन सुरू केली. २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकारच्या दिव्यांगत्वांची यादी आहे. स्वमग्नता आणि शिकण्यातली विशिष्ट अक्षमता दोन्ही त्यात आहेत. जादा वेळ, लेखनिक, असं बरंच काही मिळू शकतं, पण त्याला सरकारी रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं. दहावीच्या उंबऱ्यावर धावाधाव करण्यापेक्षा मुख्याध्यापकांना आत्ताच विचारून ठेवा.

मुलांनो, कंटाळलात? चला, खेळू या. या खेळाला वही-पेन्सिल लागत नाही, फक्त कान आणि तोंड. आवाजांची फोड करायची सवय याने लागते, म्हणून माझ्या वर्गात तो रोज प्रार्थनेनंतर दहा मिनिटं चालतो. ‘पाटी’ मधला ‘पा’ काढून ‘का’ घाला. सोपं आहे? मग ‘कमळ’ मधला मधला आवाज काढा. ‘सीताफळ’ उलटं म्हणा. ‘किल्ला’ मध्ये ‘ल’ किती वेळा ऐकू येतो? आणि आता शेवटचं, आमच्या गावाचं : ‘दौलताबाद’ मधून ‘ल’ काढला तर काय उरतं, आणि ‘दौ’ काढून ‘औ’ ठेवला तर? न अडखळता, एका दमात म्हणायचं हं. ज्यांना पटकन जमेल त्यांनी थांबायचं आणि शेजारच्याला हवा तेवढा वेळ द्यायचा. खेळाचा नियमच आहे तो.